लेनीच्या पस्तीसपेक्षा मोठी

...आणि वर लेनी म्हणतो कसा, "दाजी, आपण कुठं काय करतो, हरीणच येऊन उभं राहतं." येऊन उभं राहतं! म्हणजे माझ्या वाट्याची हरणं काय, नको असलेला पाहुणा दिसल्यासारखी रस्ता बदलून जातात? तुम्हाला सांगतो, सात वर्षं झाली, दर नोव्हेंबरात हेच. पंधरा तारखेला आमच्याकडं शिकारीचा मोसम उघडतो, आणि त्याच दिवशी दुपारी पेस्टीचा, म्हणजे आमच्याकडच्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंजीचा, पहिला घास माझ्या तोंडात असताना पलीकडून लेनीची बंदूक वाजते. एकदाच वाजते, दुसऱ्यांदा वाजायची तिला गरजच पडत नाही... मेव्हणा आहे माझा, माझ्या बायकोचा, मार्लिसचा, सख्खा धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही, वाईट असता तर किती सोयीचं झालं असतं. जळत नाही हं मी, नुसतं सांगतोय.

तर यंदा मी ठरवलं, आखूड बंदूक घ्यायची. लिव्हरवाली, म्हणजे चापाखालची कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर, वर ओढली की नवं आत, तसली. कारण माझ्याकडची जुनी लांब नळीची, आणि आमच्या जंगलात सिडारची झाडं इतकी दाटीवाटीनं उभी की लांब नळी वळवायची म्हणजे शिडी खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात फिरण्यातला प्रकार. लेनीकडं आखूडच आहे, लिव्हरवाली, पस्तीस कॅलिबरची. कॅलिबर म्हणजे काय, तर गोळीची जाडी, दुसरं काही नाही. पण या जाडीवरून आमच्या गावात सख्खे भाऊ वेगळ्या टेबलावर जेवायला बसलेले मी पाहिलेत.

आणि यंदा नुसतं हरणाचं नव्हतं हो. आमचे सासरेबुवा, ओन्नी, वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, त्यांनी गेल्या वर्षी सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, बाकावर बसल्या बसल्या अंगावर पाणी ओतून घेत जाहीर केलं होतं, "पुढच्या वर्षी मी मचाणावर चढणार नाही. पहिल्या दिवशी तुम्हा दोघांचं बघतो, आणि मग सांगतो मचाण कुणाला." आता ते मचाण म्हणजे काय चीज आहे म्हणून सांगू... दलदलीच्या काठाला हरणांच्या तीन वाटा जिथं एकत्र येतात, बरोबर त्याच्यावर. चाळीस वर्षं म्हातारा तिथं बसला आणि चाळीस वर्षं घरात मांस कमी पडलं नाही. ते मचाण लेनीला गेलं असतं तर दर ख्रिसमसला मी त्याच्या घरी त्याच्याच हरणाचं मांस खात त्याचीच हकीकत ऐकत बसलो असतो. म्हणजे बसतोच म्हणा आतासुद्धा.

गेलो डोरीनच्या दुकानात. डोरीन म्हणजे तीस वर्षं बंदुकाच विकत आलेली बाई, काउंटरवर कोपर टेकून उभी राहते आणि माणूस आत आला की त्याला काय हवंय ते त्याच्या आधी तिला कळतं. म्हणाली, "किती लांबून मारतोस?" म्हटलं, पन्नास पावलं, त्यापलीकडं आपल्या जंगलात दिसतंय काय? "मग तीस-तीस घे. हरणाला पुष्कळ झालं, खांद्यालाही बरं." म्हटलं, तीस-तीस गावात सगळ्यांकडं आहे, आमच्या पाद्र्याकडंसुद्धा आहे. "मग पस्तीस घे." पस्तीस लेनीकडं आहे. "बरं झालं की, काडतुसं संपली तर एकमेकांना देता येतील." म्हणजे मी लेनीच्या दारात जाऊन काडतुसं मागायची? वाटीभर साखर मागितल्यासारखी? म्हटलं, डोरीन, पस्तीसपेक्षा मोठं काय आहे ते दाखव.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "आर्विड, तुला हरीण मारायचंय की लेनीला?"

जळत नाही हं मी, तिलाही तेच सांगितलं.

तिनं चव्वेचाळीस दाखवली. चव्वेचाळीस म्हणजे नऊनं मोठी, वाईट नाही, मी घेतलीच असती. पण तिच्या शेजारी ती उभी होती... पंचेचाळीस-सत्तर. पंचेचाळीस ही जाडी, सत्तर हे आतल्या बारुदाचं माप. आखूड, काळीभोर, तोंड असं रुंद की आत बोट घालून बघावंसं वाटावं. काडतूस माझ्या अंगठ्याएवढं. पूर्वी रानरेडे मारायला वापरायचे म्हणे, आणि आजही अलास्कात अस्वलांच्या मुलखात लोक हीच जवळ ठेवतात. डोरीन म्हणाली, "एवढ्या हलक्या बंदुकीतून एवढं मोठं काडतूस, धक्का बसेल तुला." म्हटलं, मला नाही, लेनीला बसेल. आणि घेतली.

दुसऱ्या दिवशी खडीच्या खाणीत सरावाला गेलो. पहिला बार काढला आणि टोपी मागं उडाली. दुसऱ्याला चष्मा नाकावरून ओठावर आला. तिसरा मी स्वाभिमानापोटी काढला. घरी आलो, शर्ट काढला, खांदा जांभळा. मार्लिसनं बघितलं आणि विचारलं, "कुणी मारलं?" म्हटलं, बंदुकीनं. तर म्हणते, "पुढच्या बाजूनं की मागच्या?" आणि बर्फाची पिशवी खांद्यावर दाबत वर ऐकवते, "लेनीला कधी असलं होत नाही." होत नाही, बरोबर आहे, लेनीला पडसंसुद्धा होत नाही. जळत नाही मी.

पंधरा तारीख उजाडली. घोट्याइतका बर्फ, वारा नाही. मी पडलेल्या झाडाआड बसलो, लेनी ओढ्यापलीकडं दोनशे पावलांवर, सासरेबुवा झोपडीत शेगडीपाशी. आणि तुम्हाला सांगतो, दहा वाजता ते आलं. नर. दहा टोकांची शिंगं, चाळीस पावलांवर, आडवं, मान खाली. असलं हरीण मी आयुष्यात लेनीच्या भिंतीवर सोडून कुठं पाहिलं नव्हतं. बंदूक उचलली, आखूड नळी एकाही फांदीला लागली नाही, नेम धरला, सगळं बरोबर... आणि चापावर बोट गेलं तसं या खांद्याला आठवलं. माझा खांदा, एकावन्न वर्षं माझ्याबरोबर राहिलेला, मला न विचारता मागं सरकला, आणि डोळे मिटले. बार असा झाला की आजूबाजूच्या सगळ्या झाडांवरचा बर्फ माझ्या डोक्यावर आला. डोळे उघडले तर समोर एका झाडाची चांगली मनगटाएवढी फांदी लोंबतेय, आणि हरीण ओढ्याकडं सुसाट.

मग पलीकडून लेनीची बंदूक वाजली. एकदाच.

झोपडीत गेलो. लेनीनं काय करावं? बढाई मारावी ना? तर म्हणतो, "बाबा, दाजींनीच ते माझ्याकडं हाकललं, अर्धं त्यांचं आहे." याला काय म्हणावं? माणसाला नीट जळूसुद्धा देत नाही. सासरेबुवांनी दोघांकडं बघितलं, कॉफी संपवली आणि म्हणाले, "मचाण जावईबापूंना."

मला वाटलं, म्हाताऱ्याचे कानही गेले. तर म्हणाले, "लेनी कुठूनही मारतो, त्याला मचाण कशाला? आर्विडच्या थेट पायाखालून हरीण गेलं तरच काही आशा आहे." आणि हसले, मीही हसलो, काय करणार. लेनी हसला नाही. उठून बाहेर गेला.

लाकडांच्या ढिगापाशी सापडला. म्हटलं, लेनी, मचाण तूच घे, हे काही खरं नाही. तर माझ्याकडं न बघता म्हणाला, "मचाणाचं नाही हो दाजी. रविवारी तुम्ही आलात की बाबा दोन दोन तास बोलतात. मी आलो की विचारतात, रस्त्यावर बर्फ आहे का. सात वर्षं माझी बंदूक वाजतेय, कधी खुर्चीतून उठले नाहीत. आज तुमचा बार झाला तर दारात येऊन उभे होते, मी बसलो होतो तिथून झोपडीचं दार दिसतं, पाहिलं मी. मला तुमचा फार हेवा वाटतो, दाजी."

आता खोटं कशाला बोलू? वाईट वाटलं मला, खरंच वाटलं. पण त्याच्या खाली, अगदी तळाशी, असं काही ऊबदार वाटलं की काय सांगू... माझा हेवा! लेनीला!

मग तो म्हणाला, "ती बंदूक द्याल का मला? माझी पस्तीस घ्या." दिली. लगेच दिली. खांद्यानंच दिली म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी खाणीत गेलो, सासरेबुवांनाही गाडीत घालून नेलं, मीच आग्रह केला. लेनीनं पंचेचाळीस-सत्तर खांद्याला लावली, बार काढला. हलला नाही. टोपी जागच्या जागी. शंभर पावलांवरच्या डब्याच्या बरोबर मधोमध भोक. सासरेबुवा काठी टेकत गाडीतून उतरले, चालत डब्यापर्यंत गेले, भोकात बोट घालून बघितलं, परत आले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान बसली रे." पंचेचाळीस वर्षांचा माणूस, तुम्हाला सांगतो, कानापर्यंत लाल झाला.

घरी आलो. पस्तीस खुंटीला अडकवली. मार्लिस म्हणाली, "चला, मचाण तुझं, लेनीची बंदूक तुझी, बाबाही खूश. आता तरी झालं समाधान?"

म्हटलं, हो, झालं की. झालं. ...पण लेनीकडची ती पंचेचाळीस-सत्तर पाहिलीस का गं? काय बंदूक आहे.