हजेरीतलं नाव

— नाही हो बाई, तुम्हाला कोण बोल लावतंय? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लुळा झालाय, इकडे बाकावर या. पोरं सकाळी खाली माना घालून बसली ना, त्याचंच सांगतेय. तुम्हाला वाटलं, काय ही पोरं, आपल्याच गावची बाई ओळखेनात — ओळखतात हो! स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून ओळखतात. तुम्ही ‘आपली माणसं’ म्हणून भिंत सजवलीत, चांगलं केलंत, मेहनत घेतलीत, कपाटातून जुना फोटो शोधून काढलात — पोटात मध साठवणाऱ्या मधमुंग्या जमिनीतून खणून काढताना हसतेय ती, हात कोपरापर्यंत लाल मातीत — आणि विचारलंत, सांगा बरं हिचं नाव! आता कोण सांगणार? आम्ही इथली वाळवंटातली मूळची माणसं, मेलेल्याचं नाव घेत नाही. फोटोसुद्धा झाकून ठेवतो, कधी कधी वर्षानुवर्षं. खिडकीजवळ बसते ना ती पोर, तिचंही नाव तेच, म्हणून गाव तिला आता कुन्मनारा म्हणतं. ज्याचं नाव मेलेल्यानं नेलं, तो कुन्मनारा. तुम्ही हजेरीत तिचं जुनं नाव घेता आणि ती ‘हजर’ म्हणत नाही — आगाऊ नाही हो ती. उलट फार गुणी पोर आहे.

मी? मी मागे बसलेलीच होते की. रोजच बसते. नव्या बाईंना या गोष्टी सांगायच्या, शाळेनं मला ठेवलंय ते त्याचसाठी — दर वर्षी नवी बाई येते, दर वर्षी मी पहिल्याच दिवशी सांगते. तुम्हाला नाही सांगितलं. का म्हणजे? राहून गेलं. दुकानापाशी माझ्या नणंदा बसल्यात, त्यांनीही तेच विचारलं, तू तिथंच होतीस ना, थांबवलं का नाहीस? मी म्हटलं, मी चहा ठेवायला गेले होते. तुम्हाला कोणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगा — चहा ठेवायला.

कोण होती म्हणजे? माझी मुलगी. तुम्हाला कोणीच बोललं नाही? कसं बोलणार म्हणा. या थंडीत गेली, तिकडे ॲलिस शहरातल्या दवाखान्यात, मूत्रपिंडं निकामी झाली होती. आम्ही घर सोडलं, घराला धुरी दिली, तिचे कपडे जाळले, बायकांनी आकांत केला — मीही केला, करायचा असतो म्हणून. पण आत काही हललं नाही बघा. नुसतं सुन्न. पीठ मळायला घेतलं की मळतच बसते, कोणीतरी येऊन हातातून काढून घेतं. मग शाळा उघडली, तुम्ही आलात, हजेरी घेतलीत — आणि ते नाव घेतलंत. मोठ्यानं, सगळ्या वर्गात, काही झालंच नाही अशा सुरात. वाटलं, आता हलेल. नाही हललं. म्हटलं उद्या हलेल. दुसऱ्या दिवशी आले. तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा आले, तुम्हीच म्हणालात ना, कामी, घरी जा — पोरांचं ऐकून तुम्हीही मला कामी, म्हणजे आजी, म्हणायला लागलात. ती पोर बिचारी रोज तुमची बोलणी खात होती आणि मी मागे बसून ऐकत होते.

रडत नाहीये मी. बघा की, कोरडे आहेत डोळे. तोच तर त्रास आहे.

असो. तो फोटो काढा. माझ्या हातात देऊ नका — नको म्हणते ना! कपाटात पालथा ठेवा आणि किल्ली तुमच्यापाशी असू द्या, मी मागितली तरी देऊ नका. आणि उद्यापासून पोरीला कुन्मनारा म्हणायचं. उद्यापासून. बाई, ते दार जरा लोटता? ओट्यावर कोणी नाही ना? मग एकदा, अगदी हळू, मी तिकडे तोंड करून बसते, तुम्ही नुसतं हजेरी घेतल्यासारखं —

नको. गप्प बसा. उघडा ते दार. पोरं उन्हात ताटकळलीत, जा तुम्ही.