कारणाचा रकाना

— नाही म्हणतोय का मी? बसा हो, ती खुर्ची डुगडुगते, पाडत नाही कुणाला — चौकशीला आलात ना, मग नीट ऐका. बसडेपोतल्या या संगणकावर ड्रायव्हरांच्या ड्यूटीचा तक्ता काढणारा प्रोग्राम माझा, अकरा वर्षं चाललेला. काल सकाळी तो आडवा झाला, चाळीस गाड्या फाटकात खोळंबल्या, हे खरं. पण त्याआधी? अहो, पायथनचं — ज्या भाषेत हे प्रोग्राम लिहितात तिचं — एखादं पॅकेज, म्हणजे तयार जोडसामान, बसेना की बोलावणं मलाच! एकदा दातांच्या डॉक्टरकडे आ वासून पडलो होतो, तोंडात कापूस, तरी फोनवर नुसतं ‘हं’ आणि ‘हंहं’ करून इन्स्टॉल करून दिलं — डॉक्टरनं फी घेतली नाही! बरं, अर्धी घेतली.

मग ती आली. नवी ताई. टायर कधी बदलायचे ते सांगणारा प्रोग्राम तिचा. टापटीप तर अशी — प्रत्येक प्रोग्रामला वेगळी खोली, म्हणजे संगणकातच हो, त्याची पॅकेजं त्याच्या खोलीत, शेजाऱ्याला धक्का नाही; मला हे उमगलं कालच. वर कुठल्या पॅकेजचं कुठलं व्हर्जन, याची यादी. मी कधी केली यादी? माझी यादी इथं, डोक्यात! पण ड्रायव्हर — माझे ड्रायव्हर! — आता तिच्या टेबलापाशी. ‘ताई, जरा बघा ना.’ का, मी काय मेलोय? जळतो? मी? छे, वय काय माझं!

बिघाड कसा झाला? सोपंय. परवा दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनी कुणीतरी अ‍ॅडमिनचे अधिकार वापरून, सगळ्यांच्या सामायिक पायथनमध्ये एका पॅकेजचं नवं व्हर्जन घुसवलं. लाल अक्षरांत इशारा आला होता, जुन्याशी याचं जमणार नाही म्हणून — तरी रेटलं. वाटलं असेल बिचाऱ्याला, तिचा टायरांचा प्रोग्राम पडेल, मग येईल ‘काका, बघा ना’ म्हणत. तो कसला पडतोय! आपल्या खोलीत ढिम्म बसलेला. पडला तो माझा... मिनिटं? मिनिटं कशी ठाऊक — अंदाज हो, अंदाज!

उभा कुणी केला? तिनंच. वीस मिनिटांत. जुनी व्हर्जनं हुडकली, माझ्या म्हाताऱ्या प्रोग्रामलाही खोली दिली, आणि खोलीला नाव ठेवलं ‘काका’. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या — दोन.

बघू तिचा अहवाल. ‘बिघाडाचं कारण’... रिकामं? रिकामं कसं? कमांड कुणाच्या लॉगिननं दिली त्याची नोंद असते की — पाहिलीच असणार तिनं. पाहिली, आणि सोडून दिली? म्हणजे मोठेपणातही हिचाच पहिला नंबर? द्या ते पेन. द्या हो इकडे!

...घ्या. नाव माझं, अक्षर माझं. अख्ख्या कागदात एवढी एक ओळ तरी तिची नाही. निघा आता. आणि ती खुर्ची जागेवर ठेवून जा.