कानात अडकलेला गळ

शिंपीणबाई खोकल्याच्या औषधासाठी दवाखान्यात ताटकळत बसल्या होत्या. तेवढ्यात दोघे मेहुणे शेजारच्या बाकावर येऊन टेकले. अंगाला समुद्राचा वास, आणि धाकट्याच्या कानाच्या पाळीत मासे धरायचा गळ रुतलेला.

"भावजी, गळ फेकताना मागे बघायचं तरी!"

"चुकलं रे. डॉक्टर बोलावतील, बस गप्प."

"डॉक्टर कशाला? तुम्हीच ओढा."

"रक्त येईल."

"कसं येईल? गळाच्या टोकाजवळचा, मासा अडकवून ठेवणारा उलटा काटा चेपलेला आहे ना! मासेमारीच्या क्लबात तुम्हीच टेबल बडवून सांगितलंत, पक्कड घ्या आणि काटे चेपून टाका. पिल्लं, पोटात अंडी असलेल्या माद्या अलगद सुटून समुद्रात परत गेल्या पाहिजेत."

"सांगितलं. मग?"

"त्या म्हाताऱ्या काकांनी काटा चेपला नव्हता, तर वर्षभर क्लबाबाहेर काढलंत त्यांना. रडले हो ते."

"नियम म्हणजे नियम."

"तेच म्हणतोय मी. काटा चेपूनही भावजींचा मासा कधी निसटत नाही, असं मी अख्ख्या गावाला सांगत फिरतो. ओढा बघू."

"हळू बोल. त्या बाई ऐकतायत."

शिंपीणबाईंनी घाईघाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"ऐकू देत. तुम्हाला धीर होत नसेल तर मीच ओढतो."

"हात खाली घे."

"मनगट सोडा, भावजी."

"ऐक माझं."

"पण का?"

भावजींनी शिंपीणबाईंकडे पाठ फिरवली.

"भावजी, का?"

"ओढू नकोस. कान फाटेल."