गुडघ्यावरचा धडा

दातांच्या दवाखान्यात शेजारच्या आजी नवऱ्याच्या गुडघ्यावर बोटं आपटत होत्या. मी पुस्तक उघडं धरलं होतं. वाचत होतो असं म्हणवत नाही.

“पार्-ला-नो. म्हणजे ‘ते बोलतात’. जोर ‘पार्’वर.”

“हळू गं, हाड आहे ते.”

“‘ला’वर जोर गेला की नात हसते. तिला इटालियनशिवाय काही येत नाही, मग मीच नको का शिकायला?”

“शीक की. गुडघा सोडून शीक.”

“आज दात काढल्यावर तोंड बधिर होणार. संध्याकाळी तिचा फोन. आठवड्यातून एकदाच तर येतो.”

“तू आपटत राहा. मी बोलतो.”

“तुम्हाला कुठे येतंय?”

“चार महिने गुडघा कुणाचा बडवते आहेस?”