दोनदा चढलेला पूल

पूल न चढता उज्जैनची गाडी मिळाली, तर यमुनाकाकूंचे नुकतेच बदललेले गुडघे वाचणार होते आणि भाचीचा साखरपुडाही गाठता येणार होता. तेवढ्यात भोंगा बोलला, “गाडी एकऐवजी चार नंबरवर येईल.” बाकावर शेजारी बसलेल्या सहप्रवासी परेशने मोबाइल खाली ठेवला.

“अगं ऊठ, सगळी पब्लिक पळाली!” काकूंचे यजमान विष्णुपंत सामान उचलत म्हणाले.

“पळू दे. लिफ्ट कुठेय?”

“तिकडेच, चार नंबरला.”

“म्हणजे लिफ्ट गाठायला आधी पूल चढायचा? कोण हो हा शहाणा?”

“ते नंतर विचार. गाडी चुकेल!”

“मी हलणार नाही. गाडीनंच इकडे यावं.”

“स्टेशनमास्तरच की नाही तू! मी सामान घेऊन पुढे होतो, जागा धरतो. तू ये हळूहळू.”

“येते म्हटलं का मी? डबा आडवा करू नका, पोहे सांडतील.”

विष्णुपंत पलीकडे उतरले, तोच भोंगा पुन्हा बोलला.

“काकूजी, गाडी तर इथेच येतेय!” परेश ओरडला.

गाडी आली. काकू सावकाश आत चढल्या, खिडकीशी बसल्या आणि दारात उभ्या परेशला म्हणाल्या, “पुलावर दिसतायत का रे? सांग, जागा धरलीय म्हणावं.”

गुडघे वाचले, साखरपुडाही वाचला. पूल तेवढा दोन्ही वेळा विष्णुपंतांच्या वाट्याला आला, सामानासकट.