मंगलाची झोप

मी मूळची तिवस्याची, बापाची फुलशेती होती तिथं, बाप गेल्यावर माय आमा दोघी बहिनींले घेऊन अमरावतीले आली, तवापासून हारच करतो मी, चाळीस वर्साची बाई झाली पन सुई काही सुटली नाई. लग्न नाई झालं माहं. मिरगीवाल्या पोरीले कोन करते, सांगा मॅडम, तुमचा हार होईपरयंत आयका.

मंगला माह्यापेक्षा अकरा वर्सानं लहान. फिट मले झोपेतच यायची, म्हनून सातवीत असल्यापासून मंगला माह्या पदराले आपल्या ओढनीची गाठ मारून झोपे, हिसका बसला की उठे, मले कुशीवर करे, तोंड पुसे. तिची झोप अर्धीच. पुढं स्थळ आलं की थे म्हने, ताईजोळ कोन झोपन, आन नाई म्हनून मोकळी.

मंग डॉक्टरनं मशीन बसवली. छातीत कातडीखाली डबी, तिची तार मानेतल्या नसेले, दर पाच मिनिटाले करंट देते, तवा आवाज बसते माहा, हे पाहा, आता बसला. एका ट्रस्टनं केलं सारं, आमची कुठली ऐपत. पन काय सांगू तुमाले, हप्त्या हप्त्याले येनारी फिट तीन तीन महिने येईना. मायनं लगेच मंगलाचं अकोल्याले जमवलं.

आन साखरपुडा झाला, दुसऱ्या दिवशी मंगला म्हने, ताई, तू घोरता घोरता गप होतं, श्वासच थांबते तुहा, मंग एकदम दचकून हवा घेतं, मशीन बसवल्यापासूनचं हाय हे, डॉक्टरले सांगू. मी म्हटलं खबरदार. डॉक्टरनं करंट कमी केला आन फिट आली तं मंगला लग्न मोडून बसन, मले माहीत होतं ना तिचं. डॉक्टरनं इचारलं झोप कशी हाय, म्हटलं बेस हाय. तोंडावर खोटं बोलली मी. मायलेही नाई सांगतलं.

लग्न झालं, गेली. श्वास अडकू नये म्हनून मी उशा लावून बसूनच झोपतो, झोपतो म्हंजे काय, दिवसा हार करता करता डुलकी लागते, सुई बोटात जाते, गिऱ्हाईक हासते. माहं जाऊ द्या.

मागच्या महिन्यात मंगला आली माहेरी. डोळ्याखाली काळं. सासू चांगली हाय तिची, संगं आली होती, थेच मायले सांगे, पोरगी झोपत नाई हो, उठून बसते, नवऱ्याच्या नाकाशी हात नेऊन पाहते. मी मंगलाले म्हटलं, तुले कायची काळजी आता, तू तं सुटली ना इथून. थे म्हने, मी अजून तिकडं गेलीच नाई, ताई.

एवढंच बोलली आन चहा ठेवाले उठली.

सोमवारी तपासनी हाय. सांगून टाकतो डॉक्टरले सारं. करंट कमी करो का मशीन बंद करो, फिट आली तं पडली राहीन मी, माय हाय अजून. पन थे पोरगी एकदा पडल्या पडल्या सकाळपरयंत झोपली पाह्यजे, बस, दुसरं काही मागनं नाई माहं.