सुलोचनाताई आणि माझा अळणी श्रावण

चाकूर गावची मंडळी, ताईंचे भाऊ, मुरुडहून आलेल्या त्यांच्या मावशी, तुम्ही सगळे आलात. मला सभेत बोलायची सवय नाही. शाळा सातवीपर्यंत. माईक कुणीतरी धरा. चुकलं तर सांभाळून घ्या.

सुलोचनाताई आठ दिवसांपूर्वी हृदयविकारानं गेल्या. दवाखान्याच्या वतीनं घरोघर जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करायची, हे त्यांचं काम. माझ्याकडंही यायच्या. का यायच्या, ते आज सांगणार आहे.

गेल्या वर्षी सोयऱ्यांच्या लग्नांत कुणी बघेल म्हणून मी गोळ्या चुकवल्या. रक्तातल्या पेशी घटल्या. मी घाबरलो. आमच्यात श्रावणी सोमवार अळणी करतात. मी महादेवाला म्हटलं, सोमवार कशाला, महिनाभर मीठ सोडतो, पण पेशी वाढू दे. त्यातच जुलाब लागले. मी नुसतं पाणी पीत राहिलो. एके दिवशी स्वतःच्याच ओट्यावर बसून बायकोला विचारलं, "हे घर कुणाचं?" घरचे म्हणाले, वय झालं.

तेवढ्यात ताई आल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "मावशी, अप्पा काय खातात?"

"काय खातात? अळणी भाकर. नवस हाय."

"अन् पोट?"

"लई बिघडलंय."

ताईंनी तिथूनच जीप बोलावली. लातूरला रक्त तपासलं. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, फार उतरलं होतं; त्यानंच डोकं भरकटलं. आतड्यात जंतूही निघाले. पेशी कमी झाल्या की असे जंतू लवकर धरतात. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर झटके आले असते.

डोकं ठिकाणावर आल्यावर मी विचारलं, "ताई, आता रोज मूठभर मीठ खाऊ काय?"

"खबरदार अप्पा! मिठानं पेशी वाढत न्हाईत. गोळी चुकवायची न्हाई. जुलाब लागले तर लपवायचं न्हाई. महादेवाला काय सांगायचं ते मी बघते."

अशी बाई. आणि आपण काय म्हणालो? चौकात लोक बोलायचे, "ही बाई अप्पाच्या घरी सारखी कशाला येती?" ताईंना एका शब्दात उत्तर देता आलं असतं. दिलं का? नाही. सात वर्षं बोलणी खाल्ली, माझं नाव राखलं. आणि मी? मी दुकानात बसून ऐकत राहिलो.

 सकाळी बायको म्हणाली, "बोला, म्या पुढं बसते." बसली आहे.

मंडळी, मला एचआयव्ही आहे. सात वर्षं गोळ्या खातो. आज माझ्या पेशी चांगल्या आहेत, डोकं ताळ्यावर आहे, ते ताईंमुळं. त्या यासाठीच यायच्या. मला त्यांचा अभिमान आहे. लई अभिमान आहे.

आता सगळे उभे राहू. माझ्या शेजारी ज्यांना अवघड वाटत असेल, त्यांनी खुशाल लांब उभं राहावं. मला राग नाही. पण ताईंसाठी उभे राहा.